जर्मन राजा चौथा हाइनरिश (१०५०–११०६): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा नेमका कोणता हेन्री?

इंटरनेटवर ‘हेन्री चौथा’ शोधलं की आधी इंग्लंडचा (१३९९–१४१३) आणि फ्रान्सचा (१५८९–१६१०) राजा समोर येतो. हा त्यांच्या कितीतरी आधीचा, सालियन घराण्यातला जर्मन राजा. जन्म ११ नोव्हेंबर १०५०, मृत्यू ७ ऑगस्ट ११०६. मराठीत ‘हेन्री’ लिहायची रूढी आहे, पण जर्मन उच्चार ‘हाइनरिश’च्या जवळ जातो आणि गल्लतही टळते, म्हणून इथे तेच नाव ठेवलं आहे. वडील तिसरे हाइनरिश आणि मुलगा पाचवा हाइनरिश, त्यामुळे वाचताना आकड्यावर नजर ठेवावी लागते.

तो राजा कधी झाला? १०५३, १०५४, १०५६ आणि १०६५ अशी चार सालं सापडतात.

चारही बरोबर आहेत, प्रत्येक सालाचा अर्थ वेगळा. नोव्हेंबर १०५३ मध्ये ट्रिबूरला सरदारांनी त्याची वारस-राजा म्हणून निवड केली. १७ जुलै १०५४ रोजी आखेनला राज्याभिषेक झाला. ५ ऑक्टोबर १०५६ रोजी वडील वारले आणि सहा वर्षांचंही न झालेलं पोर एकटं राजा उरलं. २९ मार्च १०६५ रोजी वोर्म्सला कमरेला तलवार बांधून तो सज्ञान ठरला.

यातलं १०५३ साल लोक घाईत ओलांडून जातात, आणि आमच्या मते तिथेच सगळ्या चरित्राची किल्ली आहे. राइशनाउ मठातल्या हेर्मान या इतिवृत्तकाराने नोंदवलं आहे की सरदारांनी तीन वर्षांच्या मुलाला राजा मानलं ते एका अटीवर: तो पुढे न्यायाने राज्य करणारा निघाला तर. वडील जिवंत आणि बलवान असताना घातलेली ही अट. १०७६, १०७७ आणि ११०५ या तिन्ही वेळी हीच अट पुन्हा बाहेर काढली गेली. पोपशी झालेलं भांडण प्रसिद्ध आहे, पण हाइनरिशचं राज्य खरं डळमळलं ते स्वतःच्या सरदारांच्या या ‘तर’मुळे.

जर्मन राजाची राजधानी कुठे होती?

नव्हती. राजा, राणी, दरबारी, लेखनिक, घोडे असा सगळा लवाजमा वर्षभर फिरत असे. मुक्काम राजवाड्यांत (त्यांना ‘फाल्झ’ म्हणत), बिशपांच्या शहरांत आणि मोठ्या मठांत. आजूबाजूच्या शेतीचं धान्य आणि जनावरं संपत आली की पुढचा मुक्काम. कायमचं सैन्य नव्हतं, कर गोळा करणारी यंत्रणा नव्हती. राजा जिथे प्रत्यक्ष हजर, तिथेच त्याची सत्ता जाणवायची.

त्यामुळे बिशप आणि मठाधिपती फार महत्त्वाचे. ड्यूकची जहागीर बापाकडून मुलाकडे जाण्याकडे कल असे. बिशपाला कायदेशीर वारस नसल्याने तो वारला की ती जागा राजाच्या हातात परत येई. शिवाय चिलखती घोडेस्वार मुख्यतः तेच पुरवत. ९८१ साली दुसऱ्या ऑट्टोने इटलीत मागवलेल्या सुमारे २,००० स्वारांच्या यादीत जवळपास तीन-चतुर्थांश चर्चच्या संस्थानांकडून यायचे होते. बिशप नेमण्याचा हक्क गेला तर राजाचं घोडदळच गेलं, हे त्यामागचं गणित.

लहानपणी त्याला पळवून नेलं होतं, हे खरं का?

खरं. एप्रिल १०६२, ऱ्हाइनकाठचं कैझर्सव्हर्ट. आई अॅग्नेस कारभार पाहत होती. कोलोनचा आर्चबिशप आन्नो याने जेवणानंतर अकरा वर्षांच्या राजाला एक सजवलेली नाव बघायला बोलावलं. पाय ठेवताच वल्ही चालू झाली. आपल्याला मारायलाच नेत आहेत असं वाटून मुलाने नदीत उडी टाकली. काउंट एक्बर्टने मागोमाग उडी घेऊन त्याला वर काढलं आणि नाव कोलोनला गेली. त्याच वेळी राजचिन्हंही हस्तगत केली गेली. ती ज्याच्याकडे आणि मुलगा ज्याच्याकडे, कारभार त्याच्याकडे.

अॅग्नेसच्या कारभारातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. तिने स्वाबिया रुडॉल्फ फॉन ऱ्हाइनफेल्डनला (१०५७), बव्हेरिया ऑट्टो फॉन नॉर्टहाइमला आणि करिंथिया बेर्टोल्डला (दोन्ही १०६१) दिली. पाठिंबा मिळावा म्हणून वाटलेल्या या तीन जहागिरी. तिघेही पुढे हाइनरिशवर उलटले.

सॅक्सन लोकांनी बंड का केलं?

आधी नकाशा नीट करून घ्या. अकराव्या शतकातली सॅक्सनी म्हणजे ड्रेस्डेनभोवतीचं आजचं सॅक्सनी राज्य नव्हे. ती पश्चिमेला आणि उत्तरेला, हार्झ डोंगराभोवती आणि त्याच्या पलीकडे पसरलेली होती. आज तो प्रदेश मुख्यतः लोअर सॅक्सनी, वेस्टफालिया आणि सॅक्सनी-आनहाल्ट यांत विभागलेला आहे. ही चूक झाली की लढायांच्या जागाच जुळत नाहीत.

गोस्लारजवळच्या रामेल्सबेर्गच्या खाणीत चांदी होती आणि आसपास राजाची मोठी खासगी जमीन होती. आईच्या कारभारात त्यातली बरीच स्थानिकांनी बळकावली, असं हाइनरिशचं म्हणणं. ती परत मिळवताना त्याने तीन गोष्टी एकदम केल्या. जुने हक्क उकरून काढले, डोंगरमाथ्यांवर किल्ले बांधले (हार्झबुर्ग त्यातला मुख्य) आणि त्या किल्ल्यांवर स्वाबियातून आणलेले शिपाई बसवले. हे शिपाई ‘मिनिस्टेरियाल’, म्हणजे जन्माने परतंत्र पण शस्त्र धरणारे राजसेवक. परका, त्यातही परतंत्र माणूस डोक्यावर बसून धान्य आणि वेठ मागतो, हे सॅक्सन उमराव आणि शेतकरी दोघांनाही सहन होईना. त्यात १०७० मध्ये, खुनाच्या कटाचा आरोप ठेवून, ऑट्टो फॉन नॉर्टहाइमची बव्हेरिया काढून घेतली होती. बंडाला तयार सेनापती मिळाला.

ऑगस्ट १०७३ मध्ये बंडखोरांनी हार्झबुर्गला गराडा घातला. हाइनरिश रात्री मोजक्या माणसांसह जंगलातून निसटला. त्या पडत्या काळात वोर्म्सच्या नागरिकांनी आपल्या बिशपाला हाकलून राजासाठी वेस उघडली. बदल्यात १८ जानेवारी १०७४ च्या सनदेने त्यांना राजाच्या जकात नाक्यांवर सूट मिळाली. जर्मन शहरांच्या इतिहासात या सनदेला मोठा मान आहे, कारण इथे राजा थेट नागरिकांशी व्यवहार करताना दिसतो.

२ फेब्रुवारी १०७४ रोजी गेर्श्टुंगेनला तह झाला आणि किल्ले पाडायचं ठरलं. इथे सॅक्सनांचा डाव स्वतःच्याच हाताने बिघडला. हार्झबुर्ग पाडताना शेतकऱ्यांनी किल्ल्यावरचं चर्चही उद्ध्वस्त केलं आणि राजाच्या तान्ह्या मुलाची व भावाची थडगी उकरली. देवाचं घर आणि मेलेली लेकरं यांची विटंबना झाल्यावर काठावरचे सरदार राजाकडे वळले. ९ जून १०७५ रोजी उन्स्ट्रूट नदीकाठी त्याने सॅक्सनांचा पुरा मोड केला. उमराव घोड्यांवरून निसटले. पायदळातला शेतकरी मात्र मारला गेला.

पोपशी भांडण नेमकं कशावरून? बिशपांच्या नेमणुकीवरूनच ना?

पूर्णपणे तसं नाही, आणि परीक्षेच्या उत्तरांत सर्वाधिक घोळ इथेच होतो.

नवा बिशप नेमताना राजा त्याच्या हाती धर्मदंड आणि अंगठी देत असे. सुधारणावादी पाद्र्यांचा आक्षेप असा की ही आध्यात्मिक चिन्हं आहेत, ती गृहस्थ माणसाने द्यायची नाहीत. पण पोप सातव्या ग्रेगरीने ही रीत स्पष्ट आणि सरसकट निषिद्ध ठरवली ती नोव्हेंबर १०७८ मध्ये, म्हणजे राजाने इटलीतल्या कानोसा किल्ल्यासमोर केलेल्या प्रायश्चित्तानंतर (जानेवारी १०७७). १०७५–७६ चा भडका मिलानच्या आर्चबिशपपदावरून आणि राजाने बहिष्कृत सल्लागारांना जवळ ठेवल्यावरून उडाला. मिलानमध्ये पोपच्या बाजूचा एक उमेदवार असताना हाइनरिशने १०७५ च्या शरद ऋतूत टेडाल्ड नावाचा आपला माणूस नेमला. सॅक्सनीतल्या विजयाने त्याचा हात सैल सुटला होता.

पोपचं कडक पत्र १०७६ च्या नववर्षदिनी गोस्लारला पोचलं. २४ जानेवारीला वोर्म्सच्या सभेत राजाने आणि बहुसंख्य जर्मन बिशपांनी ग्रेगरीला पोप मानायचं सोडलं. राजाच्या पत्रात त्याला ‘पोप नव्हे, खोटा साधू हिल्डेब्रांड’ असं संबोधलं आहे. फेब्रुवारीत रोमच्या धर्मसभेत ग्रेगरीने प्रत्युत्तर दिलं: राजाला राज्य करण्यास मनाई, त्याला दिलेल्या सगळ्या शपथा रद्द, आणि राजा धर्मातून वाळीत.

वाळीत टाकल्याने प्रत्यक्षात काय बिघडलं?

शपथ रद्द होणं हे सगळ्यात घातक. सरंजामी राज्य शपथांवर उभं असतं. ती दोरी तुटली की कालचा मांडलिक आज मोकळा. दुसरं, बहिष्कृताशी जेवणखाण आणि प्रार्थना करणाऱ्यालाही दोष लागतो, म्हणून बिशप एकेक करून दूर सरकले. त्यातच फेब्रुवारीत लोअर लोरेनचा ड्यूक गोटफ्रीड, राजाचा भक्कम आधार, मारला गेला. २७ मार्चला राजाने उट्रेश्टला ईस्टर साजरा केला. लगेच तिथल्या कॅथेड्रलला आग लागली आणि पोपची निंदा करणारा तिथला बिशप महिन्याभरात वारला. लोकांनी याचा अर्थ काय लावला, हे सांगायला नको. सॅक्सन पुन्हा उठले.

ऑक्टोबर १०७६ मध्ये सरदार ट्रिबूरला जमले, राजा ऱ्हाइनच्या पलीकडे ओपेनहाइमला. ठरलं ते असं: बहिष्काराला वर्ष पूर्ण व्हायच्या आत पापमुक्ती मिळवली नाही तर त्याला राजा मानायचं नाही, आणि २ फेब्रुवारी १०७७ ला आउग्सबुर्गला पोपच्या उपस्थितीत निवाडा करायचा. हाइनरिशची पुढची सगळी धावपळ या दोन तारखांपुढे होती. पोप आउग्सबुर्गला पोचला तर राजा आरोपी ठरणार. त्याआधी, इटलीतच, त्याला गाठलं तर तो फक्त पश्चात्ताप करणारा ख्रिस्ती. पश्चात्ताप करणाऱ्याला धर्मगुरू नाही म्हणू शकत नाही.

ऐन हिवाळ्यात आल्प्स कसा ओलांडला?

नेहमीचे घाट रुडॉल्फ, बव्हेरियाचा वेल्फ आणि बेर्टोल्ड यांनी अडवले होते. म्हणून हाइनरिश बरगंडीमार्गे फिरून गेला. नाताळ बेझांसोंला, मग सासू आडेलहाइडच्या मुलखातून मों-सेनी घाट, उंची २,००० मीटरच्या वर. सासूनेही वाट फुकट दिली नाही, जमीन मागून घेतली. बरोबर राणी बेर्टा आणि तीन वर्षांचाही न झालेला मुलगा कॉन्राड होता.

हिवाळा भयंकर होता. नोव्हेंबरच्या मध्यापासून जवळजवळ एप्रिलपर्यंत ऱ्हाइन गोठलेली होती. हर्सफेल्डचा मठवासी लांपर्ट उतरणीचं वर्णन देतो: पुरुष हातापायांवर रांगत किंवा वाटाड्यांच्या खांद्यांना धरून, राणी आणि तिच्या स्त्रिया बैलांच्या कातड्यांवर बसवून ओढत, घोडे काही साधनांनी तर काही पाय बांधून खाली सोडलेले, त्यात बरेच मेले. लांपर्ट राजाचा विरोधक आहे आणि त्याला प्रसंग रंगवायला आवडतो; तपशिलांची भरताड त्याची असेल. पण मार्ग, ऋतू आणि घाई यांबद्दल शंका नाही.

कानोसाला तो खरंच तीन दिवस बर्फात उभा होता?

स्वतः ग्रेगरीने जर्मन सरदारांना लिहिलेल्या पत्रात तीन दिवस, किल्ल्याच्या दारासमोर, राजचिन्हं उतरवून, अनवाणी, लोकरी वस्त्रात असं म्हटलं आहे. तारखा २५ ते २७ जानेवारी १०७७. २८ ला पापमुक्ती. लागोपाठ बहात्तर तास असा त्याचा अर्थ नाही. लांपर्टसुद्धा सकाळपासून संध्याकाळपर्यंत उपाशी, असंच म्हणतो. हा प्रायश्चित्ताचा ठरलेला विधी होता.

दाराआड बोलणी चालूच होती. किल्ला टस्कनीच्या माटिल्डाचा. ती राजाची नातलग आणि पोपची खंदी समर्थक. क्लूनीचा मठाधिपती ह्यूगो हा राजाचा धर्मपिता. आडेलहाइडही होती. या तिघांनी मध्यस्थी केली. हाइनरिशला शपथ द्यावी लागली की सरदारांशी असलेल्या वादात पोपचा निवाडा मानेन आणि पोपला जर्मनीत येण्याजाण्यास अडथळा करणार नाही. बिशपांच्या नेमणुकीचा शब्दही त्यात नव्हता.

एक उलटी बाजू विसरली जाते. पोप कानोसात होता तो भीतीने. तो आउग्सबुर्गच्या वाटेवर असताना राजा लोंबार्डीत उतरल्याचं कळलं, लोंबार्ड सरदार राजाभोवती जमू लागले, तेव्हा त्याने या किल्ल्याचा आसरा घेतला.

मग जिंकलं कोण?

त्या महिन्यापुरतं उत्तर विचाराल तर हाइनरिश. मुदत संपायच्या आत बहिष्कार उठला, आउग्सबुर्गची सभा झालीच नाही, सरदारांच्या हातातलं कारण गेलं. पण राज्याभिषेकाचं पवित्र तेल लावलेला राजा हा देवाचा थेट प्रतिनिधी, ही जुनी कल्पना त्या दारातून पूर्वीसारखी परत आली नाही. ग्रेगरीने १०८० मध्ये स्वच्छ सांगितलं की आपण त्याला फक्त धर्मात परत घेतलं होतं, गादीवर बसवलं नव्हतं. राजाला काढता येतं, हे एकदा सिद्ध झालं होतं.

१४ मे १८७२ रोजी बिस्मार्कने जर्मन संसदेत ‘आम्ही कानोसाला जाणार नाही’ असं म्हटलं तेव्हापासून कानोसा हा निव्वळ अपमानाचा शब्द झाला. एकोणिसाव्या शतकातलं ते राजकारण १०७७ वर लादू नये.

दुसरा राजा निवडला गेला तो कोण?

रुडॉल्फ फॉन ऱ्हाइनफेल्डन, दोनदा राजाचा नातेवाईक: आधी हाइनरिशच्या बहिणीचा नवरा, ती वारल्यावर बेर्टाच्या बहिणीचा. १५ मार्च १०७७ ला फोर्शहाइमला सरदारांनी त्याला निवडलं. पापमुक्ती मिळून सात आठवडेही झाले नव्हते. राजपद बापाकडून मुलाकडे आपोआप जाणार नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. १०५३ ची अट इथे नियम होऊन आली.

मेलरिशश्टाट (१०७८) आणि फ्लार्शहाइम (जानेवारी १०८०) या लढायांत निकाल लागला नाही. ७ मार्च १०८० ला ग्रेगरीने हाइनरिशला दुसऱ्यांदा वाळीत टाकलं, पण या वेळी परिणाम पहिल्यासारखा झाला नाही. बरेच बिशप राजाकडेच राहिले. जूनमध्ये ब्रिक्सनला त्यांनी राव्हेन्नाच्या विबर्टला प्रतिपोप, म्हणजे ग्रेगरीच्या विरोधातला पोप, निवडलं, तिसरा क्लेमेंट या नावाने. १५ ऑक्टोबर १०८० ला एल्स्टर नदीजवळ सॅक्सन सैन्य जिंकलं, पण रुडॉल्फचा उजवा हात तुटला, पोटात घाव बसला आणि तो मेला. ज्या हाताने राजाला निष्ठेची शपथ दिली तोच हात गेला, हा देवाचा न्याय अशी बातमी सगळीकडे फिरली. लढाई हरूनही हाइनरिशला हवं ते मिळालं. पुढच्या वर्षी हेर्मान फॉन झाल्मला निवडलं गेलं, पण त्याचं वजन कधीच पडलं नाही.

याच काळातला एक निर्णय फार लांबवर पोचला. १०७९ मध्ये हाइनरिशने स्वाबिया फ्रीडरिश नावाच्या फारशा मोठ्या नसलेल्या उमरावाला दिली आणि मुलगी अॅग्नेस त्याला देऊ केली. तेच होहेनश्टाउफेन घराणं. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा हा आपल्या हाइनरिशचा पणतू.

सम्राट कसा झाला?

तीन वर्षं रोमभोवती वेढे घालून. १०८३ च्या जूनमध्ये सेंट पीटर चर्चभोवतीचा रोमचा भाग हाती आला. तेरा कार्डिनल ग्रेगरीला सोडून गेल्यावर २१ मार्च १०८४ ला रोमनांनी वेशी उघडल्या, आणि ३१ मार्चला, ईस्टरच्या दिवशी, क्लेमेंटने त्याला सम्राटपदाचा मुकुट घातला. खर्चाला बायझंटाइन सम्राट आलेक्सिओसने पैसा दिला. आना कोम्नेनेच्या इतिहासात आकडा १,४४,००० सोन्याच्या नाण्यांचा आहे. दक्षिण इटलीचा नॉर्मन रॉबर्ट ग्विस्कार हा दोघांचाही शत्रू. तो सैन्य घेऊन येताच हाइनरिश निघून गेला. नॉर्मनांनी ग्रेगरीला सोडवलं, पण रोम इतकं लुटलं की त्याला तिथे राहणं अशक्य झालं. २५ मे १०८५ ला तो सालेर्नोला वारला.

बायको आणि मुलांशी त्याचं काय बिनसलं?

बेर्टाशी वाङ्‌निश्चय १०५५ मध्ये, दोघं लहान असताना. लग्न १०६६ मध्ये. १०६९ मध्ये त्याने सरदारांपुढे सांगितलं की तिचा काही दोष नाही, पण मी तिच्याबरोबर राहू शकत नाही. पोपचा दूत पीटर डामियानीने घटस्फोटाला साफ नकार दिला. यानंतर मात्र संसार जमला. मुलं झाली आणि त्या बर्फातल्या घाटात ती त्याच्याबरोबर होती. १०८७ मध्ये ती वारली.

दुसरी राणी कीव्हची युप्रॅक्सिया (१०८९). ती पुढे माटिल्डाकडे पळाली आणि १०९५ मध्ये पिआचेंझाच्या धर्मसभेत तिने नवऱ्यावर अत्यंत गंभीर लैंगिक आरोप केले. ते विरोधकांच्या सभेत आणि त्यांच्या लेखणीतून आलेत, हे ध्यानात घ्यावं. म्हणून ती खोटं बोलली असंही ठरत नाही.

थोरला कॉन्राड, तोच घाट ओलांडणारा मुलगा, १०९३ मध्ये इटलीत शत्रूला मिळाला. घाट पुन्हा बंद झाले आणि सम्राट १०९७ पर्यंत व्हेरोनाच्या आसपास अडकून पडला. १०९८ मध्ये कॉन्राडला वारसपदावरून काढलं. धाकट्या हाइनरिशचा अभिषेक करताना (६ जानेवारी १०९९) ‘वडिलांच्या हयातीत त्यांच्याविरुद्ध जाणार नाही’ अशी शपथ घेतली गेली. डिसेंबर ११०४ मध्ये तीही मोडली.

पहिल्या धर्मयुद्धात त्याचा भाग काय? ज्यूंशी तो कसा वागला?

धर्मयुद्धात भाग नाही. १०९५–९६ मध्ये तो बहिष्कृत आणि इटलीत अडकलेला होता. १०९० मध्ये त्याने श्पायर आणि वोर्म्सच्या ज्यूंना सनदा दिल्या: जीवित आणि मालमत्तेचं रक्षण, व्यापाराची मोकळीक, सक्तीच्या बाप्तिस्म्याला बंदी. १०९६ च्या मे महिन्यात धर्मयोद्ध्यांच्या झुंडींनी श्पायर, वोर्म्स आणि माइन्झमध्ये ज्यूंच्या कत्तली केल्या तेव्हा सम्राट आल्प्सपलीकडे होता. राजा हजर नसेल तिथे त्याची सनद किती तोकडी पडते, ते इथे फार क्रूरपणे दिसलं. परतल्यावर, १०९७ मध्ये, सक्तीने ख्रिस्ती झालेल्यांना मूळ धर्मात जायची त्याने परवानगी दिली. स्वतःच्याच प्रतिपोपचा विरोध असूनही. ११०३ च्या माइन्झच्या शांतता-फर्मानात पाद्री, व्यापारी, स्त्रिया यांच्यासोबत ज्यूंचंही नाव आहे.

शेवट कसा झाला?

११०५ च्या नाताळात मुलाने बापाला समेटाच्या बहाण्याने बोलावून बोकेलहाइमच्या किल्ल्यात कोंडलं. ३१ डिसेंबरला इंगेलहाइमला त्याच्याकडून राजत्याग वदवून घेतला. तो निसटला, कोलोन आणि लिएझच्या लोकांनी त्याला आसरा दिला, आणि २२ मार्च ११०६ ला व्हिझेला त्याच्या माणसांनी मुलाच्या सैन्याला हरवलंही. पण ७ ऑगस्टला लिएझला तो वारला, वय ५५. मरताना त्याने मुलाला तलवार आणि अंगठी पाठवली.

मग दफन १११२च्या सुमारास का सांगतात?

साल ११११ आहे. बहिष्कृताला पवित्र जमिनीत पुरता येत नाही. लिएझच्या कॅथेड्रलमध्ये पुरलेला देह बिशपांच्या आदेशाने उकरला गेला. तिथले शेतकरी मात्र पीक चांगलं यावं म्हणून तिरडीवर बियाणं ठेवत आणि थडग्याची माती नेत. मग देह श्पायरला आला. तिथेही बिशपाने हरकत घेतली आणि पेटी एका अजून अभिमंत्रण न झालेल्या चॅपेलमध्ये पाच वर्षं पडून राहिली. पोपकडून परवानगी मिळवल्यावर ७ ऑगस्ट ११११ ला, बरोबर पाच वर्षांनी, मुलाने बापाला कॅथेड्रलमध्ये पुरलं. त्याच महिन्यात त्याने श्पायरकरांना वारसा-वसुलीतून सूट दिली. अट अशी की दरवर्षी वडिलांच्या पुण्यतिथीला त्यांनी हातात मेणबत्त्या घेऊन प्रार्थनेला यावं आणि प्रत्येक घरातून गरिबांसाठी एक पाव द्यावा.

१९०० मध्ये थडगं उघडलं तेव्हा मिळालेल्या सांगाड्यावरून त्याची उंची साधारण १.८० मीटर निघाली.

समकालीन साधनं वाचताना काय काळजी घ्यावी?

आधी लेखक कोणत्या बाजूचा ते पाहा. लांपर्ट आणि सॅक्सन ब्रूनो विरोधक. मृत्यूनंतर लिहिलेलं निनावी चरित्र भक्ताचं. मग तो कधी लिहितोय ते पाहा: लांपर्टचा वृत्तांत १०७७ मध्येच थांबतो, त्यामुळे पुढचं त्याला माहीतच नाही. तिसरी पायरी म्हणजे सनदा. हाइनरिशच्या पाचशेच्या आसपास सनदा छापलेल्या आहेत. प्रत्येकीच्या शेवटी जागा आणि तारीख असते, त्यावरून राजा त्या दिवशी कुठे होता ते पडताळता येतं. सनद बनावटही असू शकते. मठांनी नंतर रचलेल्या सनदा पुष्कळ आहेत, म्हणून संपादकाची टीप वाचल्याशिवाय उतारा घेऊ नका. ‘मोन्युमेंटा जर्मानिए हिस्टोरिका’च्या संकेतस्थळावर हे सगळं मोफत आहे, पण मजकूर लॅटिन आणि टिपा जर्मन. तारखा ज्युलियन दिनदर्शिकेच्या आहेत. त्या तशाच लिहाव्यात, आजच्या दिनदर्शिकेत बदलू नयेत.

प्रत्यक्ष जाऊन काय पाहता येतं?

एकच ठिकाण शक्य असेल तर श्पायर. फ्रँकफर्टहून मानहाइममार्गे रेल्वेने सहज एका दिवसात होतं. १३४ मीटर लांबीचं कॅथेड्रल. हाइनरिशने १०८० नंतर त्याचा मोठा भाग नव्याने बांधला आणि मधल्या दालनावर सुमारे ३३ मीटर उंचीवर दगडी कमानींचं छत चढवलं. त्या काळी एवढ्या रुंदीवर असं छत घालणं धाडसाचं होतं. खाली तळघरात तो, बेर्टा, वडील, आजोबा आणि मुलगा अशी सगळी एकत्र आहेत. ज्या मुलाने कैद केलं तोही.

मेर्झेबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये रुडॉल्फच्या थडग्यावरची कांस्यप्रतिमा आहे, आणि एक सुकलेला हात त्याचाच म्हणून जपून ठेवला आहे. गोस्लारचा राजवाडा एकोणिसाव्या शतकात इतका दुरुस्त केला गेला की मूळ किती आणि नवं किती ते विचारूनच घ्यावं. बाड हार्झबुर्गच्या डोंगरावर रोपवेने जाता येतं. किल्ल्याचे अवशेष थोडेच आहेत, पण तिथे १८७७ चा स्तंभ आहे, बिस्मार्कचं ते वाक्य कोरलेला.

इटलीतल्या रेज्जो एमिलियाजवळ कानोसाचा पांढरट खडक आणि वरचे पडके अवशेष आहेत. किल्ला १२५५ मध्ये उद्ध्वस्त झाला आणि खडकही ढासळला, त्यामुळे राजा जिथे उभा होता ते दार शोधू नका. जानेवारीत गेलात तर गरम कपडे न्या.